पुठ्ठ्याआडचा हात

एमिल होलूबला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाय राहत. बर्च गल्लीत गेली तीस वर्षं सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि आता कुणी मनाला लावून घेत नसे. पोस्टमनला त्याने भर रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, "डाव्या खुब्याचं हाड दाखवून घे." पोस्टमन चिडला. दीड वर्षाने त्याच खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तो एमिलवर आणखी चिडला. कोपऱ्यावरच्या घरातल्या पोरीच्या लग्नात नवरामुलगा वेदीपाशी उभा होता आणि एमिल बायकोच्या कानात कुजबुजला, "सगळा भार टाचांवर. पळून जाईल हा." बर्निसने त्याला असा चिमटा काढला की पाद्रीसुद्धा क्षणभर थांबला. नवरा पळाला नाही. पण त्या पोरीची आई अजून एमिलशी बोलत नाही, आणि जिथे ती नाही तिथे हा किस्सा आम्ही अजून सांगतो.

आता याला कामच तसलं. पोर्ट हॅलमच्या अमेरिकन फुटबॉल संघात, म्हणजे आमच्या फेरीमेन संघात, पुढच्या फळीतल्या पाच जणांना गुण देणं हे एमिलचं काम. ही फळी म्हणजे तीनशे पौंडांचे पाच पहाड. चेंडूशी त्यांचा संबंध फक्त एवढाच, की मधला सेंटर तो पायांमधून मागे सरकवतो. मग समोरून अंगावर येणारी माणसं अडवायची, मागे चेंडू फेकायला उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला श्वास घेण्यापुरती उसंत द्यायची, आणि पुन्हा उठून तेच करायचं. यांची नावं लोकांना फक्त चूक झाली की कळतात. आणि एमिलचं नाव तर चूक झाली तरी कुणाला कळत नसे.

दर ऑगस्टमध्ये सराव शिबिराच्या चित्रफिती त्याच्या घरच्या तळघरात येत. प्रत्येक डाव, प्रत्येक माणूस, अधिक किंवा उणे. पाच माणसांची पाच पानं. शेवटी एकेकासाठी चार ओळी लिहायच्या: ठेवा, बदला, सोडा. त्या चार ओळींवरून माणूस संघात राहायचा, नाहीतर बॅग भरून बापाच्या घरी जायचा.

त्याची पद्धत सगळ्या संघात ठाऊक होती. टीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागावर तो पुठ्ठा लावायचा. बुटांच्या खोक्याचा, चिकटपट्टीने डकवलेला. दिसायचे फक्त पाय.

"वरचं सगळं नाटक असतं," तो म्हणायचा. "खांदे हलवतात, हात फेकतात, तोंडाने ओरडतात. पाय तेवढे खरं बोलतात."

"मग लग्नाआधी माझ्या चेहऱ्याकडे का बघत होतास?" बर्निस विचारायची.

"तेव्हा मी शिकाऊ होतो."

त्या वर्षी पाच जणांपैकी चौघांची काळजी नव्हती. कडेचे दोन टॅकल नेहमीसारखे होते, सेंटरच्या उजवीकडचा गार्ड बरा होता, आणि सेंटरचा तर प्रश्नच नव्हता. प्रश्न सेफो टुईमालूचा होता. डावा गार्ड, वय चोवीस, दुसरं वर्ष. समोआ बेटांवरून लहानपणी आलेलं मोठ्या कुटुंबातलं पोर. संघात जागा पक्की नव्हती. शिबिराच्या दोनशे बारा डावांत त्याला एकसष्ट उणे मिळाले होते, आणि सगळ्यांचं कारण एकच: डावा पाय उशिरा उचलतो. अर्धा ठोका उशीर. पण या धंद्यात अर्ध्या ठोक्यात क्वार्टरबॅक पाठीवर पडलेला असतो.

सेफोच्या उजव्या हाताला डेल प्रुएट उभा राहायचा. सेंटर. वय तेहतीस, बारा वर्षं त्याच जागी. डेलच्या पानावर उणे शोधावे लागत. बारा वर्षांपूर्वी एका चिखलाच्या मैदानावर, कुणी नाव न ऐकलेल्या कॉलेजात, एमिलला हा बुटका दिसला होता. इतरांनी उंची मोजली आणि यादीतून काढून टाकला. एमिलने एकच ओळ लिहिली होती, 'याचे पाय झोपेतसुद्धा बरोबर पडतील.' त्या ओळीवर डेल पोर्ट हॅलमला आला, बर्च गल्लीतच घर घेतलं, आणि बर्निसच्या हातच्या कोबीच्या गुंडाळ्या खाऊन खाऊन उंची सोडून सगळीकडे वाढला. मूलबाळ नसलेल्या होलूबांच्या घरी नाताळच्या टेबलावर एक जास्तीची मजबूत खुर्ची आली ती याच्यामुळे.

सोमवारी सकाळी आठ वाजता अहवाल द्यायचा होता. मंगळवारी दुपारी अखेरची यादी. शुक्रवारीच एमिलने सेफोच्या नावापुढे लिहून टाकलं होतं, 'सोडा.'

फक्त एक गोष्ट त्याला टोचत होती. राखीव सेंटर मैदानात असला की सेफोचा पाय वेळेवर पडायचा. एमिलने त्याचं कारण शोधून ठेवलं होतं: राखीव माणसांसमोर विरोधीही राखीवच, दबाव कमी. कारण पटण्यासारखं होतं. आपण शोधलेलं असलं की ते जास्तच पटतं.

शनिवारी दुपारी बर्निस धुतलेले कपडे घेऊन तळघरात उतरली. तिला खेळातलं कळत नाही असं एमिल चाळीस वर्षं धरून चालला होता. चाळीस वर्षं ती स्टेडियममध्ये फळीतल्या माणसांच्या बायकांशेजारी बसत होती, हे तो विसरला होता. त्या बायकांचं लक्ष चेंडूकडे कधीच नसतं. आपला माणूस उठला की नाही, एवढंच त्या बघतात.

"हा समोआचा पोर का?" तिने विचारलं.

"हो. गेला बिचारा. पाय वेळेवर पडतच नाही याचा."

"हात कुठे आहे त्याचा?"

"हाताचं काय करायचंय?"

"अरे, पाय उशिरा उचलतो म्हणजे हात कशात तरी अडकला असेल. माझा एक हात बादलीत असतो तेव्हा मी दाराकडे धावते का लगेच? काढ तो पुठ्ठा."

"बर्निस, मी तीस वर्षं—"

"तीस वर्षं अर्धाच टीव्ही बघतोयस. वीज मात्र पूर्ण जाळतोस. काढ."

तिनेच ओढून काढला. चिकटपट्टी फरफरत निघाली. एमिलने तोच डाव पुन्हा लावला.

चेंडू मागे सरकला. आणि सेफोचा उजवा हात स्वतःच्या माणसाकडे न जाता आडवा गेला, डेलच्या डाव्या अंगाला. डेलच्या समोरच्या माणसाच्या खांद्यात त्याने एक जोरदार ठोसा दिला, त्याला थोपवला, आणि मग आपल्या माणसाकडे वळला. तोवर अर्धा ठोका गेलेला.

एमिलने दुसरा डाव लावला. हात. तिसरा. हात. आता त्याने सेफोला सोडून डेलला बघायला सुरुवात केली. बारा वर्षांत पहिल्यांदा कमरेच्या वर. डेलचा उजवा हात चेंडू सोडून वर येत होता. डावा हात वर येत होता, समोरच्याच्या छातीला टेकत होता, आणि त्यात काहीच नव्हतं. रिकामा हातमोजा टेकावा तसा.

एकसष्टच्या एकसष्ट वेळा डेल मैदानात होता. एमिलने एका माणसासाठी एक पान केलं होतं, आणि दोन माणसांचं काम एकाच्या पानावर उणे म्हणून लिहिलं होतं. फळी पाच जणांची असते हे जगाला शिकवणाऱ्याने.

बर्निस पायरीवर बसली. कपड्यांची टोपली मांडीवर तशीच. "ट्रिनाला माहीत असणार," ती म्हणाली. ट्रिना म्हणजे डेलची बायको. "जूनपासून ती आपल्याकडे बसायला येत नाहीये. मला वाटलं माझंच काही चुकलं."

रविवारी प्रार्थनेनंतर एमिल चार घरं चालून डेलच्या मागच्या अंगणात गेला. डेल जाळीवर सॉसेज भाजत होता. उजव्या हातात चिमटा, डावा खिशात.

"या, खुब्यांचे डॉक्टर," डेल ओरडला. "आज कुणाचं लग्न मोडून आलात?"

"तुझं बघतोय. अजून टिकलंय."

"बस म्हाताऱ्या. बिअर घे. खोक्यात आहे."

ट्रिना घरातून मोहरीची आणि काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन आली. लोणच्याची बरणी नवी होती. तिने ती पोटाशी धरली, ओठ चावले, दोन वेळा जोर लावला आणि उघडली. तीनशे पौंडांचा गडी हातभर अंतरावर उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही, आणि त्याने हात पुढे केला नाही. दोघांनाही त्यात वावगं वाटलं नाही. किती दिवसांची सवय झाली होती हे एमिलला तेव्हा कळलं.

त्याने ट्रिनाकडे पाहिलं. ती चटकन आत गेली.

"डावा हात काढ बाहेर," एमिल म्हणाला.

डेल सॉसेज उलटत राहिला. "कशाला? नाचायचंय?"

"डेल."

"टुईमालू बोलला का?"

"तो कशाला बोलेल? मी त्याला एकसष्ट उणे दिले तरी तो बोलला नाही."

चिमटा थांबला. "एकसष्ट?"

"त्याच्या नावापुढे 'सोडा' लिहिलंय मी. शुक्रवारी."

डेलने हात खिशातून काढला. बोटं जरा वाकडी, राखाडी. त्याने मूठ वळायचा प्रयत्न केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तसंच राहिलं.

"मानेतली शीर दबते. झोपलो की सुटते."

"कधीपासून?"

"जून."

"खोटं."

"नोव्हेंबर."

"डॉक्टर तपासतात ना दर महिन्याला?"

"विचारतात, दुखतं का. मी म्हणतो, नाही. खोटं कुठे बोललो? काही कळतच नाही तर दुखेल कसं?" तो हसला. हसणं संपलं तरी चेहरा तसाच राहिला. "जिममधलं वजन उजव्याने उचलतो, डावा नुसता लावून ठेवतो. त्या पोराला पहिल्याच दिवशी समजलं. काही न बोलता हात द्यायला लागला. मी त्याला कधी सांगितलं नाही, एमिल. मी सांगितलं नाही."

"पण घेतलास."

जाळीवर चरबी थेंब थेंब पडत होती आणि ज्वाळा उठत होत्या. डेलने झाकण लावलं.

फळीतली गोष्ट फळीबाहेर जात नाही, हा नियम एमिलनेच कधीकाळी या पोरांना शिकवला होता. पंचवीस वर्षांचा असताना तो स्वतः दोन हंगाम राखीव टॅकल होता. तुटलेल्या बोटाला पट्टी बांधून खेळला आणि कुणाला सांगितलं नाही, ही गोष्ट तो दरवर्षी नव्या मुलांना फुशारकीने सांगायचा. मुलं ऐकायची. सेफोनेही ऐकली असणार.

"मान गेली तर हातावर थांबत नाही ते," एमिल म्हणाला. "एक चुकीचा धक्का, आणि तू पुन्हा उठणार नाहीस. मैदानावरूनच नाही. खुर्चीतूनसुद्धा."

"एक हंगाम. फक्त एक. मग मी स्वतः सांगतो."

"तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. म्हणून तर तुझं ऐकत नाहीये."

"तू लिही ना की टुईमालू सुधारला. ठेवा म्हणून लिही. त्याचंही भलं, माझंही."

"गस विचारेल, एकसष्ट उणे आणि वर 'ठेवा'? काय सांगू त्याला?" गस हॅनरॅटी फळीचा प्रशिक्षक. याच वर्षी आलेला, एमिलच्या कागदाबाहेर त्याला अजून काही दिसत नव्हतं. "पोराचा उशीर कशामुळे हे सांगितल्याशिवाय त्याची जागा वाचत नाही. आणि सांगितलं की तू उरत नाहीस. मी रात्रीपासून फिरवून फिरवून बघतोय, डेल. तिसरी वाट नाही."

डेल खुर्चीत बसला. खुर्ची करकरली. मग तो फार साध्या आवाजात म्हणाला, "मग मी काय करू रे? सकाळी उठून काय करायचं असतं माणसाने?"

गल्लीभर सगळ्यांच्या खुब्यांवर बोलणारा एमिल एवढंच म्हणाला, "तू स्वतः सांग गसला. उद्या सकाळी आठच्या आत. म्हणजे माझ्या कागदातून नको कळायला."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर कागदातून कळेल."

डेल खुर्चीतून उठला. "मला आणलंस ते एका ओळीत," तो म्हणाला. "घालवायला किती लागतात बघू. जा घरी, एमिल."

सोमवारी एमिल साडेसातलाच कार्यालयात जाऊन बसला. काखेत दोन पाकिटं होती. एकात डेलबद्दल काहीच नव्हतं, ते डेल स्वतः आला तर द्यायचं. दुसऱ्यात सगळं होतं. त्याची नजर फरशीवर होती. डेलची चाल तो पावलांच्या आवाजावरून ओळखायचा. आठला पाच कमी असताना सफाईवाली बाई गेली. आठला गस आला, हातात कॉफी, केस ओले.

"दे रे. कोण जातंय?"

एमिलने आणखी चार मिनिटं काढली. शिबिरातल्या जेवणाची चौकशी केली, गसच्या नव्या घराच्या छताची केली. गसने घड्याळाकडे पाहिलं. मग एमिलने दुसरं पाकीट दिलं.

सेफोच्या पानावरचे एकसष्ट उणे त्याने खोडले नव्हते. प्रत्येकाच्या पुढे लहान अक्षरात लिहिलं होतं, 'चूक माझी. याचा हात बघितला नव्हता.' खाली चार ओळी. 'हा उशीर करत नाही. हा आधी शेजाऱ्याचं काम करतो, मग स्वतःचं. दोन्ही पुरी करतो. ठेवा.' डेलच्या पानावर मात्र चार ओळी झाल्या नाहीत. एकच होती. 'डाव्या हातात ताकद नाही, मान तपासा, तपासल्याशिवाय याला मैदानावर उतरवू नका.'

गसने ती दोनदा वाचली. कॉफी टेबलावर ठेवली. "तुझा माणूस आहे ना हा?"

"हो," एमिल म्हणाला.

दुपारी डेलच्या मानेचे एक्स-रे काढले. संध्याकाळपर्यंत पोर्ट हॅलमच्या रेडिओवर बातमी होती. रेडिओवाल्यांनी डेलच्या बारा वर्षांचं कौतुक केलं, कारकीर्द संपल्याचं दुःख केलं, आणि मग राखीव सेंटरच्या उंचीची चर्चा तासभर केली. एमिलचं नाव कुठेच नव्हतं. पण फळीला माहीत होतं.

मंगळवारी यादी लागली. सेफोचं नाव तीत होतं. तो वाहनतळावर एमिलच्या जुन्या गाडीपाशी उभा होता. रडून डोळे सुजलेले.

"मिस्टर होलूब, सगळे म्हणतायत तुम्ही मला वाचवलंत."

"मी आधी तुला बुडवलं होतं."

"मी तुम्हाला वाचवायला सांगितलं होतं का?" पोराचा आवाज चढला. "मी घरी गेलो असतो. माझे काका छपरं घालतात, मी छपरं घातली असती. त्याला कशाला बाहेर काढलंत? मी धरून होतो ना त्याला! मी धरून होतो!"

"किती दिवस धरला असतास?"

"हंगाम संपेपर्यंत."

"आणि तुझा पाय मुरगळून तू एक डाव बाहेर बसला असतास तर? त्या एका डावात?"

सेफो वळला आणि गेला. त्याची चाल बघायची एमिलला इच्छा झाली नाही.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या गुरुवारी फळीतले सगळे एकत्र जेवतात, बंदराजवळच्या एका खानावळीत, आणि वीस वर्षं एमिल त्यांच्या टेबलाच्या टोकाला बसायचा. त्या गुरुवारी फोन आला नाही. त्याने साडेसहापर्यंत कोट चढवून वाट पाहिली, मग कोट काढला. बर्निसने बटाट्याचं सूप वाढलं आणि त्याच्यासमोर बसली. चार घरं पलीकडून डेलचा ट्रक दिवसातून दोनदा जायचा. काच वर केलेली असायची. आम्ही सगळे खिडक्यांतून बघायचो आणि बघितलं नाही असं करायचो. पोस्टमन तेवढा एकदा थांबला आणि म्हणाला, "होलूब, तू बरोबर होतास हे लोकांना फार जड जातं. मला गेलं होतं." पोस्टमनच्या तोंडून हे ऐकून एमिलला बरं वाटायला हवं होतं.

पहिला सामना संघ हरला. नवा सेंटर दोनदा चुकला. स्टेडियममध्ये कुणीतरी डेलच्या नावाचा फलक आणला होता.

त्यानंतरच्या बुधवारी दुपारी ट्रिना आली. मागच्या दाराने, जूनच्या आधी यायची तशी. हातात काही नव्हतं. एमिल स्वयंपाकघरातच होता, तो उठायला लागला.

"बस," ती म्हणाली. "तो आला नाहीये. येणारही नाही. त्याने मला पाठवलेलंही नाही, माझी मी आलेय." तिने खुर्ची ओढली. "शस्त्रक्रियावाल्या डॉक्टरने काल एक्स-रे उजेडावर लावून दाखवले. पेन्सिलीने खूण केली, आणि मला म्हणाला, हा नोव्हेंबरपासून चालताफिरता कसा आहे ते मला समजत नाही. डेल तिथे बसून छताकडे बघत होता." ती थांबली. "मी प्रत्येक सामन्याच्या दिवशी प्रार्थना करायचे की कुणाला तरी कळू दे. आणि कळू नये म्हणून बरण्या मीच उघडायचे. सांगा आता."

बर्निसने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी येऊ का त्याच्याकडे?" एमिलने विचारलं. "काही सांगू का?"

"नको. तुझं नाव निघालं की घर दणाणतं. काल रात्री कपाटाला लाथ मारली." ट्रिना पहिल्यांदा हसली, डोळे पुसत. "दोन्ही पायांवर उभा राहून मारली, एमिल. मी बघत होते. रागावू दे त्याला. मला चालेल. म्हातारा होईपर्यंत रागावला तरी चालेल."

बर्निसने तिच्यासमोर ताटली ठेवली. ती जेवायला लागली, आणि बराच वेळ जेवत राहिली.

एमिल खाली तळघरात गेला. पहिल्या सामन्याच्या फिती सकाळीच आल्या होत्या. नव्या सेंटरचं पान कोरं होतं. त्याने वर नाव लिहिलं, आणि पुठ्ठा न लावता पहिला डाव लावला.